सन आणि सिस्कोच्या कन्सोलसाठी अ‍ॅडॉप्टर असा जोडा

महापेच्या डेटा सेंटरमध्ये मी रात्रपाळी करतो. नेटवर्क गेलं की सर्व्हरशी बोलायला एकच दार उरतं, मागचा सिरीयल पोर्ट, म्हणजेच कन्सोल. त्यासाठी हाताने जोडलेले दोन अ‍ॅडॉप्टर माझ्या बॅगेत कायम असतात.

सन कंपनीच्या सर्व्हरचा 'एसईआर एमजीटी' (सिरीयल मॅनेजमेंट) पोर्ट आणि सिस्कोच्या नेटवर्क उपकरणांचा आरजे४५ (नेटवर्क केबलसारखा आठ पिनांचा) कन्सोल, दोन्हींची पिनरचना एकच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, डीबी९ फीमेल (लॅपटॉपच्या बाजूचा नऊ भोकांचा सिरीयल जोड) ते आरजे४५ चं किट मागा. जॅकमधून आठ रंगीत वायरी निघतात, प्रत्येकीच्या टोकाला पिन. ती डीबी९ च्या भोकात एकदा टक करून बसली की सहज निघत नाही. म्हणून आधी मल्टिमीटर बीपवर (जोडणी तपासायच्या खुणेवर) ठेवा आणि जॅकचा कोणता नंबर कोणत्या वायरीला येतो ते कागदावर लिहा. रंगांवर जाऊ नका. पहिल्या वेळी मी कुठल्याशा तक्त्यातले रंग धरले; माझ्या किटमध्ये काळी आणि पिवळी उलट निघाल्या. रात्री दोन वाजता स्क्रीन कोरी, आणि मी तासभर सर्व्हरलाच दोष देत बसलो.

जॅकची ३ नंबरची वायर डीबी९ च्या २ मध्ये, ६ ची ३ मध्ये. १ ची ८ मध्ये, ८ ची ७ मध्ये, २ ची ६ मध्ये, ७ ची ४ मध्ये. उरल्या ४ आणि ५. दोन्ही ग्राउंड, पण डीबी९ ला ग्राउंडचं भोक एकच, ५ नंबरचं. एक कापून टाकली तरी चालतं. मी मात्र एकीची पिन कापतो, टोक सोलून दुसरीवर पीळ देतो, सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवतो.

सर्व्हर आणि अ‍ॅडॉप्टरच्या मधे साधी सरळ पॅच कॉर्ड (नेटवर्क केबल) लावा. चपटी रोलओव्हर (दोन टोकांना पिनांचा क्रम उलटा असलेली केबल) लावलीत तर सगळं उलटं होईल. लॅपटॉपला जोडण्याआधी मीटर डीसी २० व्होल्टवर घ्या, काळी प्रोब डीबी९ च्या ५ ला, लाल २ ला. सर्व्हर चालू असेल तर उणे ५ किंवा त्याहून खालचा आकडा दिसायला हवा. तो ३ वर दिसला तर २ आणि ३ ची अदलाबदल झाली आहे.

बोर्डवरच्या ३.३ व्होल्टच्या डीबग पिनांना हा अ‍ॅडॉप्टर कधीही लावू नका, चिप जळेल. तिथे यूएसबी-टीटीएल मॉड्यूलच हवं.

आता अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपला जोडून पुटी (कन्सोलशी बोलायचा प्रोग्रॅम) उघडा: वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. एंटर दाबा. लॉगिन उमटलं की अ‍ॅडॉप्टरवर मार्करने 'सरळ केबल' लिहून ठेवा.