डेल पॉवरएज सर्व्हरचं फर्मवेअर आणि ड्रायव्हर: आयड्रॅक व लाइफसायकल कंट्रोलरमधून कसं सांभाळावं

सर्व्हर नीट चालू असेपर्यंत त्याच्या फर्मवेअरची, म्हणजे हार्डवेअरच्या भागांमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरची, कोणाला आठवण होत नाही. आठवण होते ती इन्स्टॉलेशनच्या वेळी डिस्क दिसत नाही तेव्हा, आणि नेमका तेव्हाच हाताशी वेळ नसतो. पॉवरएजमध्ये या कामाची साधनं कंपनीने आतच बसवून दिलेली असतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम नसली तरी ती चालतात. आयड्रॅक हा मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणकच. मुख्य सर्व्हर बंद असला, तरी वीज आहे तोवर तो ब्राउझरमधून उघडतो. लाइफसायकल कंट्रोलर हे सर्व्हरमध्येच असलेलं अपडेट आणि मांडणीचं साधन, सर्व्हर चालू होताना एफ१० दाबलं की समोर येतं. इथे आर६४०, आर७४० अशा १४व्या पिढीच्या सर्व्हरमधला आयड्रॅक ९ धरला आहे.

आधी आयड्रॅकला आयपी द्या. सुरू होताना एफ२ दाबा, 'आयड्रॅक सेटिंग्ज' आणि त्यात 'नेटवर्क'. यूजर 'रूट' असतो. पासवर्ड सहसा सर्व्हरच्या बाहेर सरकणाऱ्या माहितीपट्टीवर छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदला. आणि आयड्रॅकचा पोर्ट कधीही थेट इंटरनेटवर उघडू नका. ज्याच्या हाती आयड्रॅक, त्याच्या हाती सगळा सर्व्हर.

आता अपडेटच्या आधीचं काम. डेटाचा बॅकअप झाला आहे ना, हे बघा. मग आयड्रॅकच्या ब्राउझर-पानावर 'कॉन्फिगरेशन'मध्ये जाऊन 'सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल' एक्स्पोर्ट करा. बायोस (सर्व्हर सुरू करणारं मूळ फर्मवेअर), रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) आणि नेटवर्क कार्डाची सगळी सेटिंग्ज एका एक्सएमएल फाइलमध्ये येतात. मदरबोर्ड बदलावा लागला किंवा तसाच दुसरा सर्व्हर उभा करायचा झाला, तर हीच फाइल इम्पोर्ट करता येते. साध्या एक्स्पोर्टमध्ये पासवर्ड येत नाहीत, ते वेगळे जपून ठेवा. लोक ही पायरी हमखास गाळतात. काम दहा मिनिटांचंसुद्धा नाही, पण अडचणीच्या रात्री दुसरं काहीच इतकं उपयोगी पडत नाही.

फाइल घेताना डेलच्या सपोर्ट साइटवर आपला सात अक्षरी सर्व्हिस टॅग टाका, म्हणजे याच मॉडेलच्या फाइलींची यादी येईल. सर्व्हरवर लिनक्स असलं तरी आयड्रॅकमधून चढवायला विंडोजसाठीचीच ईएक्सई फाइल लागते. लिनक्सची बिन फाइल तो घेत नाही. प्रत्येक फाइलसोबतची रिलीज नोट वाचा. फार जुन्या आवृत्तीवरून एकदम ताज्या आवृत्तीवर उडी चालत नाही, अशा वेळी मधली आवृत्ती आधी टाकावी लागते.

क्रम असा ठेवा: आधी आयड्रॅक, मग बायोस, त्यानंतर पर्क (डेलचा रेड कंट्रोलर), नेटवर्क कार्ड आणि डिस्क. आयड्रॅक पहिला, कारण पुढची सगळी अपडेट त्याच्याच हातून जाणार असतात. 'मेंटेनन्स'मधल्या 'सिस्टिम अपडेट'मध्ये फाइल अपलोड करा. आयड्रॅकच्या अपडेटला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. फक्त आयड्रॅक स्वतः रीसेट होतो आणि काही मिनिटं ब्राउझरमध्ये दिसत नाही. घाबरून केबल काढू नका.

बायोसचं तसं नाही. फाइल चढवली की 'जॉब क्यू'मध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, एक जॉब तयार होतो आणि 'शेड्यूल्ड' अवस्थेत थांबतो. सर्व्हर पुढच्या वेळी रीस्टार्ट झाला की खरं काम होतं. त्यामुळे 'फाइल टाकली, पण आवृत्ती तीच दिसते' अशी तक्रार असेल, तर पहिल्यांदा जॉब क्यू बघा. रीस्टार्टनंतर सर्व्हर स्वतःहून पुन्हा एकदा बंद-चालू होतो, स्क्रीन बराच वेळ काळी राहते. या काळात पॉवर बटणाला हात लावायचा नाही. यूपीएसची बॅटरी मुळातच कमजोर असेल, तर ते काम त्या दिवशी करूच नये.

ड्रायव्हरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअर ओळखता येण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न नवी विंडोज टाकताना येतो. एफ१०, मग 'ओएस डिप्लॉयमेंट', आणि यादीतून आपली आवृत्ती निवडा. लाइफसायकल कंट्रोलर आतल्या ड्रायव्हर पॅकमधले ड्रायव्हर एका तात्पुरत्या ड्राइव्हवर इन्स्टॉलरला देतो. तो ड्राइव्ह १८ तास राहतो. आपली आवृत्ती यादीत नसेल, तर ड्रायव्हर पॅक जुना आहे. तोही याच 'सिस्टिम अपडेट'मधून बदलतो.

रेडची मांडणी लाइफसायकल कंट्रोलरच्या 'हार्डवेअर कॉन्फिगरेशन'मध्ये होते: दोन डिस्कना रेड १ (दोन्हींवर तीच प्रत), किमान चार असतील तर रेड ६ किंवा १०. मोठ्या डिस्कवर रेड ५ मी सुचवणार नाही. एक डिस्क गेल्यावर रीबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करायला, फार वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरी गेली, तर सगळाच डेटा जातो. विझार्ड जुनी व्हर्च्युअल डिस्क (रेडने जोडून बनलेली डिस्क) पुसण्याचा इशारा देतो. तो वाचल्याशिवाय 'यस' दाबू नका.

नव्या आवृत्तीनंतर काही बिघडलं, तर 'रोलबॅक'मध्ये बहुतेक भागांची आधीची आवृत्ती ठेवलेली असते. तिथून परत जाता येतं. नेमकं केव्हा काय बदललं, ते 'लाइफसायकल लॉग'मध्ये तारीखवेळेसह सापडतं. म्हणून एका वेळी एकच भाग अपडेट करा आणि पुढचा घेण्याआधी सर्व्हरवरचं नेहमीचं काम दोन-तीन दिवस चालू द्या.