हिरोज ३ : मुख्य हिरोची पायपीट अशी थांबवली

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' (१९९९) हा संगणकावरचा, पाळीपाळीने खेळायचा युद्धखेळ (एक पाळी म्हणजे एक दिवस) खेळताना माझं गाडं दुसऱ्या आठवड्यात अडायचं. नवं सैन्य शहरात तयार आणि मुख्य हिरो, म्हणजे सैन्य घेऊन फिरणारा सेनापती, नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याला मागे बोलवायचं म्हणजे कित्येक दिवस वाया.

उपाय टॅव्हर्नमध्ये, म्हणजे नवे हिरो मिळतात त्या शहरातल्या इमारतीत, मिळाला. प्रत्येकी २५०० सोनं मोजून दुय्यम हिरो घेतले आणि वाटेत अंतराअंतरावर उभे केले. पहिला सैन्य घेऊन निघतो, चाल (दिवसभरात कापता येणारं अंतर) संपली की पुढच्याच्या हवाली करतो, तो त्याच्या पुढच्याला. प्रत्येकाची चाल स्वतंत्र, त्यामुळे फौज एकाच दिवसात मुख्य हिरोपर्यंत पोचते. काय सुंदर रचना आहे ही! फक्त एक पथ्य पाळा : हिरोची दिवसाची चाल त्याच्याकडच्या सर्वांत मंद सैनिकावरून ठरते. म्हणून वाटेतल्या हिरोंकडे रात्री एखादा वेगवान सैनिकच ठेवतो.

मग बांधकाम. शहरात दिवसाला एकच इमारत होते. नवे सैनिक आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळतात, त्यामुळे त्याआधी सिटाडेल हा किल्ला उभा करतो. त्याने सैनिकांची वाढ दीडपट होते, त्यापुढच्या मोठ्या किल्ल्याने, कॅसलने, दुप्पट. रोज ४००० सोनं देणारा कॅपिटॉल कॅसलनंतरच, आणि राज्यात एकच.