०.० मिळालेला अल्बम कसा ऐकायचा आणि त्याचे रिव्ह्यू कसे वाचायचे

इंडी रॉकचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर तयार होणाऱ्या रॉकचा, अल्बम ऐकायच्या आधी आपण बहुतेक जण स्कोअर बघतो आणि कमी दिसला की सोडूनच देतो. ही सवय मोडायची असेल तर अमेरिकन गायिका लिझ फेअरचा २००३ चा अल्बम घ्या, त्याचं नावपण 'लिझ फेअर'च आहे आणि पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने त्याला १० पैकी ०.० दिले होते.

पण सुरुवात त्याच्यापासून करू नका. आधी तिचा १९९३ चा 'एक्झाइल इन गायव्हिल' ऐका, अख्खा, सगळी १८ गाणी, शफल बंद करून, कारण तिनेच सांगितलंय की रोलिंग स्टोन्सच्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' या अल्बमला गाण्यागणिक दिलेलं हे उत्तर आहे, त्यामुळे क्रमाला अर्थ आहे. निर्माता ब्रॅड वुड, वाद्यं मोजकी, आवाज समोर बसून बोलल्यासारखा, कुठे गोड करायचा प्रयत्नच नाही, आणि शिकागोच्या पुरुषी इंडी सीनमध्ये वावरणाऱ्या बाईला काय काय दिसतं ते ती सरळ सांगते. 'डिव्होर्स साँग' तर हेडफोन लावूनच ऐका, प्रवासात निघालेल्या जोडप्याचं भांडण इतकं खरं मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलं नाही. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या पोलमध्ये हा पहिला आला होता.

एवढं ऐकलं की २००३ चा लोकांना का झोंबला ते आपोआप कळतं. कॅपिटल रेकॉर्ड्ससारखी मोठी कंपनी, चार गाणी द मेट्रिक्सबरोबर, म्हणजे पॉप गायिका एव्हरिल लव्हीनचं 'कॉम्प्लिकेटेड' हे गाणं करणारी टीम, गिटार चकचकीत, कोरस रेडिओवर वाजतील असे. इथे 'व्हाय कान्ट आय?' आणि 'लिटल डिगर' लागोपाठ लावा. पहिलं मेट्रिक्सचं हिट, दुसरं आईच्या नव्या मित्राकडे बघणाऱ्या लहान मुलाचं, आणि त्यात जुनी लिझ शाबूत आहे हो!

मग रिव्ह्यू उघडा. हातात पेन्सिल घ्या आणि चाल, शब्द, आवाज, प्रॉडक्शन याबद्दलच्या वाक्यांखाली रेघ मारा, आणि ती बदलली, विकली गेली, ३६ व्या वर्षी हे शोभतं का, अशा वाक्यांना गोल करा. गोल जास्त झाले तर तो रिव्ह्यू अल्बमचा नाही, बाईचा आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या रिव्ह्यूचं तर शीर्षकच एव्हरिलच्या नावावरची कोटी होती. याचा अर्थ सगळी टीका खोटी असा नाही, यातलं 'रॉक मी' हे गाणं मलाही कच्चंच वाटतं, पण तसं म्हणायला गाण्यातलं काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

विरुद्ध मत मुद्दाम शोधा, रॉबर्ट ख्रिस्टगाऊसारख्या जुन्या समीक्षकाला हा अल्बम आवडला होता. आणि रिव्ह्यूची तारीख बघाच बघा, कारण ते ०.० देणाऱ्या मॅट लेमेने २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली आणि २०२१ मध्ये पिचफोर्कने स्कोअर बदलून ६.० केला, अल्बम मात्र तोच.

शेवटी १९९८ चा 'व्हाइटचॉकलेटस्पेसएग' ऐका, लोक तो हमखास गाळतात. त्यातलं 'पॉलिएस्टर ब्राइड' लावलं की कळतं, २००३ ची ती चकाकी एका रात्रीत आलेली नव्हती.