झिरो नवा बनवायचा नसतो, जुना शोधायचा असतो : सीएनसी दुरुस्तीत या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन दिवस सीएनसी, म्हणजे संगणकाच्या कंट्रोलवर चालणारी मशीन, दुरुस्त करणाऱ्या सर्व्हिसवाल्याच्या फोनला उसंत नसते. भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, तक्रार एकच: "साहेब, मशीन चालू केलं तर ३०० नंबरचा अलार्म. झिरो गेलाय." झिरो म्हणजे मशीनचा प्रत्येक अक्ष (एक्स, झेड अशी सरकण्याची दिशा) जिथून मोजला जातो ती जागा. मशीन आठ-दहा दिवस बंद होतं आणि एन्कोडरची, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या भागाची, बॅटरी आधीच शेवटच्या घटका मोजत होती. सुट्टीच्या आधीपासून स्क्रीनच्या खालच्या पट्टीत 'एपीसी' अशी अक्षरं, म्हणजे ही बॅटरी संपत आल्याची सूचना, लुकलुकत होती, पण ती कुणी मनावर घेतली नव्हती.

अलार्म घालवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पॅरामीटर (कंट्रोलमधली सेटिंग) १८१५ मधला एपीझेड, म्हणजे झिरो ठरलाय असं सांगणारा, बिट शून्याचा एक केला, मशीन बंद-चालू केलं की झालं. अडचण तिथेच आहे. अलार्म गेला म्हणजे झिरो जागेवर आला, असं होत नाही. अक्ष त्या क्षणी जिथे उभा होता, तीच जागा आता झिरो झालेली असते.

मशीन बनवणाऱ्याने झिरोची जागा एकदा ठरवली की बाकीचं बरंच काही तिथूनच मोजलं जातं. टूल बदलायची ठरलेली जागा, म्हणजे दुसरी रेफरन्स पोझिशन (पॅरामीटर १२४१), अक्षाने कुठपर्यंत जायचं ती कंट्रोलमधली हद्द, म्हणजे सॉफ्ट लिमिट (१३२० आणि १३२१), शिवाय अक्ष सरकवणाऱ्या बॉलस्क्रूच्या आट्यांमधल्या फरकाची, म्हणजे पिच एररची, दुरुस्ती, सगळं त्याच खुंटीला टांगलेलं असतं. खुंटी अर्ध्या मिलिमीटरने सरकली की सगळं सरकतं. पिच एररचं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. लेझरने मोजून भरलेला तक्ता स्क्रूच्या भलत्याच भागाला लागू होतो आणि बोअरचं अंतर का चुकतंय, यावर पुढे महिनाभर डोकं खाजवणं चालतं.

वरचे आणि पुढचे आकडे फॅनक कंपनीच्या झिरो-आय मालिकेच्या कंट्रोलचे आहेत. हातातलं कंट्रोल दुसरं असेल तर मशीनबरोबर आलेलं पुस्तक आधी उघडा.

बॅटरी बदलताना मेन स्विच बंद करणे

आधी दोन बॅटऱ्यांमधला फरक लक्षात घ्या. कंट्रोलच्या मेमरीची बॅटरी ३ व्होल्टची असते. ती प्रोग्राम आणि पॅरामीटर जपते. एन्कोडरची ६ व्होल्टची असते. ती अक्षाची जागा जपते. बऱ्याच मशीनवर ही दुसरी म्हणजे वेगळ्या डबीत घातलेले चार मोठे अल्कलाइन सेल. मेन स्विच पाडून काम करायची सवय एरवी सोन्यासारखी, पण इथे तीच घात करते. एन्कोडरचे सेल कंट्रोल चालू ठेवून आणि इमर्जन्सी दाबून बदलायचे असतात. पॅनेल जिवंत असतं, म्हणून हे काम जाणत्या माणसानेच करावं. दाराला लटकून बघणाऱ्यांना आधी लांब पाठवा.

सेल वर्षातून एकदा बदलावेत. खंडेनवमीला मशीन पुसून पूजा होतेच. त्याच दिवशी, हार घालायच्या आधी, मशीन चालू असताना सेल बदलले तर दिवाळीची सुट्टी निर्धास्त जाते.

मोटर आधी खोलणे, आकडा नंतर आठवणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बेअरिंग वाजतंय किंवा कपलिंग सैल झालंय म्हणून मोटर काढली जाते. एन्कोडर मोटरच्या मागे असतो. मोटर परत बसवताना तिचा शाफ्ट स्क्रूशी त्याच कोनात जुळेल, याची काहीही खात्री नसते. पॅरामीटरचा बॅकअप इथे कामाला येत नाही, कारण बदललेली गोष्ट लोखंडात आहे, मेमरीत नाही.

खोलण्याआधीची दहा मिनिटं अशी खर्च करा. न हलणाऱ्या भागावर मॅग्नेट बेस लावा आणि त्यावरच्या डायलचं (मायक्रॉनपर्यंत माप दाखवणाऱ्या घड्याळाचं) टोक टेबलाच्या मशीनिंग केलेल्या पृष्ठभागाला टेकवा. टेबल एकाच दिशेने आणत डायल शून्यावर घ्या आणि स्क्रीनवरचा मशीन कोऑर्डिनेट, म्हणजे झिरोपासूनचं अंतर, लिहून ठेवा. समजा, एक्स उणे ४१२.३५० आला. डायल कुठे लावला होता, त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

काम झाल्यावर डायल त्याच ठिकाणी लावा आणि हँडव्हीलने, त्याच दिशेने, टेबल डायलच्या शून्यावर आणा. दिशा बदलली की बॅकलॅशचे, म्हणजे स्क्रूमधल्या ढिलाईचे, मायक्रॉन आत शिरतात. तिथे रिलेटिव्ह डिस्प्ले शून्य करा, अधिक दिशेला ४१२.३५० चाला आणि मग झिरो सेट करा. बंद-चालू करून पुन्हा डायलवर या. दोन-चार मायक्रॉनचा फरक निघाला तर तेवढं सरकून हेच पुन्हा करा.

एन्कोडर किंवा मोटर नवी असेल, तर झिरो सेट करण्याआधी मोटर हाताने किमान एक पूर्ण फेरा फिरली पाहिजे आणि त्यानंतर कंट्रोल एकदा बंद-चालू झालं पाहिजे. हे राहिलं तर एपीझेड बिट एकवर ठरत नाही आणि माणूस उगाच नव्या एन्कोडरला शिव्या देतो.

झेड अक्षाचं वेगळं सांगायला हवं. मोटर निघाली की तिच्यातला ब्रेकही निघतो आणि स्पिंडलचं डोकं खाली येतं. खाली भक्कम लाकडी ठोकळा दिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

आकडा लिहिलाच नव्हता, मग अंदाजाने सेट करणे

बाणांच्या खुणा जुळवून झिरो लावणारे पुष्कळ. ती खूण डोळ्यांना वाट दाखवण्यापुरती असते. तिच्यावर अर्धा मिलिमीटर सहज इकडे-तिकडे होतो. त्यापेक्षा चांगला साक्षीदार मशीनवरच असतो, तो म्हणजे टेबलावर डॉवेल (जागा पक्की करणारी पिन) घालून बसवलेलं, जॉब पकडणारं फिक्स्चर आणि त्याचं जुनं जी५४, म्हणजे झिरोपासून जॉबपर्यंतच्या अंतराचा ऑफसेट. फिक्स्चर हललेलं नसेल तर ऑफसेटच्या पानावरचा आकडा ही जुन्या झिरोची आठवणच असते. फिक्स्चरच्या बोअरचं केंद्र डायलने काढा. जुन्या जी५४ मध्ये एक्स उणे ३८५.२०० आहे आणि आता मशीन कोऑर्डिनेट उणे ३८४.९३० दाखवतोय, तर नवा झिरो ०.२७० उणे बाजूला पडलाय. अक्ष अधिक ०.२७० वर न्या, तिथे झिरो पुन्हा सेट करा, बोअर पुन्हा तपासा.

एवढ्यासाठीच ऑपरेटरला एक गोष्ट बजावून ठेवायची: मी येईपर्यंत जी५४ ला हात लावू नकोस. जॉब बिघडतोय म्हणून तो बिचारा ऑफसेट बदलून माप जुळवतो, आणि एकुलता एक पुरावा पुसला जातो. वर जॉब बरोबर निघतो, म्हणून सगळे खूश. मग टूल बदलताना आर्म वर येते आणि झेड मिलिमीटरभर खाली असल्याने होल्डर वाकडा धरते. एका कारखान्यात मी नेमकं हेच पाहिलंय. बेअरिंगच्या कामासाठी गेलो होतो, आणि ग्रिपर बदलून परत आलो.

झिरो नसताना रॅपिड (पूर्ण वेगाने अक्ष हलवणं) मारणे

झिरो गेलेला असताना सॉफ्ट लिमिट काम करत नाही. वाचवायला फक्त लिमिट स्विच उरतो, आणि त्याच्यावर किती चिप साचली आहे ते कव्हर उघडल्याशिवाय कळत नाही. हँडव्हीलनेच चाला.

डॉगवाल्या मशीनवर नेमकं दहा मिलिमीटरचं भूत

जुन्या मशीनवर एन्कोडरची बॅटरी नसते. रोज सकाळी अक्ष झिरोला पाठवावा लागतो, डॉग (अक्षावर बसवलेला ठोकळा) स्विच दाबतो, आणि डॉग सुटल्यावर एन्कोडरची पहिली खूण येईल तिथे झिरो ठरतो. इथली तक्रार ठरलेली: "चार दिवस बरोबर, पाचव्या दिवशी दहा मिलिमीटरने चुकतं." चूक स्क्रूच्या पिचएवढीच असेल आणि मोटर थेट जोडलेली असेल, तर एन्कोडर बदलायची घाई करू नका. डॉग खुणेच्या अगदी जवळ सुटतोय. स्विच जरा उशिरा सुटला की ती खूण हुकते आणि पुढची पकडली जाते.

कंट्रोलच्या स्क्रीनवर डायग्नोसिस ३०२ उघडा. डॉग सुटल्यापासून पहिल्या खुणेपर्यंतचं अंतर तिथे दिसतं. ते रेफरन्स काउंटरच्या (पॅरामीटर १८२१, दोन खुणांमधलं अंतर) साधारण निम्मं असायला हवं. शून्याच्या किंवा पूर्ण फेऱ्याच्या जवळ असेल तर डॉग सरकवा. ग्रिड शिफ्ट, म्हणजे १८५०, हे बारीक माप जुळवायचं पॅरामीटर आहे. सैल डॉगवरचा इलाज नव्हे. डॉगचे स्क्रू घट्ट नसतील किंवा स्विचमध्ये कूलंट शिरलं असेल, तर आकडे कितीही बदला, भूत परत येणारच.

झिरोला जाताना ९० नंबरचा अलार्म आला तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. सुरुवात झिरोच्या फार जवळून केली किंवा ओव्हरराइड (वेग कमी-जास्त करणारा स्विच) फार कमी होता, एवढंच. अक्ष लांब न्या आणि पुन्हा पाठवा.

टर्निंग सेंटरवर (सीएनसी लेथवर) एक्स व्यासात दिसतो, म्हणून डायलवरचे ५ शतांश स्क्रीनवर १० होतात. हिशेब करताना हे विसरलं की दुरुस्ती निम्मीच होते.

सीमेन्सच्या कंट्रोलवर रीत वेगळी. पॅरामीटर ३४१०० मध्ये अक्षाची खरी जागा भरायची, ३४२१० एक करायचं, रीसेट द्यायचा आणि रेफरन्स मोडमध्ये अक्षाचं दिशेचं बटण दाबायचं. ३४२१० आपोआप दोन झालं की झिरो धरला गेला. तरीही डायल लावायचाच.

शेवटची तपासणी उरकू नका. कंट्रोल पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. अक्ष पाच वेळा झिरोला पाठवा आणि दर वेळी डायल बघा. मग रिकाम्या होल्डरने टूल चेंज एकेक पायरी करत, हात इमर्जन्सीवर ठेवून चालवा. सगळं ठीक निघालं की डायलची जागा, आकडा आणि तारीख कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. लिहायला पेन्सिल घ्या. कूलंटचा हात लागला की पेनाची शाई पसरते.