जर्मनीत इलेक्ट्रिकल इंजिनियर म्हणून जायचंय? आधी हे बघा

पहिलं काम म्हणजे अनाबिन, म्हणजे परदेशी डिग्री जर्मनीत मान्य आहे का ते दाखवणारी साईट उघडायची, तिथे कॉलेजचं नाही तर सर्टिफिकेटवर जी युनिव्हर्सिटी छापलीय तिचं नाव टाकायचं, पुढे एच प्लस (H+, म्हणजे युनिव्हर्सिटी मान्य) दिसलं आणि तुमची डिग्रीही मान्य दाखवत असेल तर अर्धी लढाई जिंकली. नाही दिसलं तर झेडएबी (ZAB) या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्या, फी भरावी लागते.

नोकरीची ऑफर हातात असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांसाठी तिथे राहून काम करायचा परवाना, नसेल तर चान्सनकार्ट, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायचा परवाना. हे चान्सनकार्ट जून २०२४ पासून सुरू झालंय, पॉइंट सिस्टीमने मिळवायचं तर ६ पॉइंट लागतात, मिळालं की वर्षभर तिथे राहून नोकरी शोधा आणि आठवड्याला २० तास पार्टटाइम करा. जर्मन भाषेची बी वन (B1, मध्यम) लेव्हल तरी कराच, साईटवर फोरमनशी इंग्रजी झाडून भागत नाही हो.

आणि वायरचे रंग! व्होल्टेज तेच २३०, पण आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल, तिकडे निळा न्यूट्रल आणि काळा चक्क फेज. सवयीने काळ्याला हात लावाल तर व्हिसाबिसा सगळं राहील बाजूला, टेस्टर लावल्याशिवाय बोट पुढे करू नका.