लिनक्सवर आवाज येत नाही? टेलपासून वर चालत जा

जायकवाडीच्या कालव्याचं पाणी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पोचलं नाही, तर शेतकरी चारीच्या कडेनं वर चालत जातो आणि कुठलं दार बंद आहे ते बघतो. लिनक्सचा आवाज गेला की मीही तेच करतो. परभणीत जुने संगणक दुरुस्त करताना दिसतं, की माणसं आवाज गेला म्हणून आख्खी सिस्टीम पुन्हा टाकतात. फार क्वचित तेवढं करावं लागतं.

आधी वाट समजून घ्या. ॲप आपला आवाज पाइपवायरकडे सोडतं. ब्राउझर आणि प्लेअर एकाच वेळी वाजत असले, तर दोघांचा आवाज मिसळून ठरलेल्या स्पीकरकडे पाठवायचं काम त्याचं. लिनक्सच्या फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० (२०२२) या आवृत्त्यांपासून पाइपवायर सिस्टीमसोबत मुळातच येऊ लागलं. त्याआधी हे काम पल्सऑडिओ करायचं. पाइपवायरच्या खाली कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, अल्सा. साउंडकार्डाशी थेट बोलणारं तेच.

आता चालायला लागा. ब्राउझरचा टॅब म्यूट नाही ना, बघा. मग सेटिंग्जमध्ये साउंड उघडून आउटपुट तपासा. एचडीएमआयनं मॉनिटर जोडला असेल, तर आवाज बऱ्याचदा तिकडेच जातो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो!

तिथं सगळं ठीक असेल तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि अल्सामिक्सर (alsamixer) हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, सलग टाइप करा. एफ६ दाबून खरं साउंडकार्ड निवडा, नाहीतर समोर नुसती पाइपवायरची एकच पट्टी दिसत राहील. कार्ड निवडलं की मास्टर, स्पीकर, हेडफोन अशा उभ्या पट्ट्या येतात. पट्टीखाली दोन एम दिसले की दार बंद. बाणाच्या कळीनं त्या पट्टीवर जा, एम दाबा. एमच्या जागी दोन शून्यं येतील. मग वरच्या बाणानं आवाज वाढवा.

तरीही शांतता असेल, तर त्याच पडद्यावर उजवीकडे ऑटो-म्यूट मोड आहे का शोधा. हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद करणारी ही सोय. जुन्या लॅपटॉपच्या जॅकमध्ये धूळ बसली, की पिन नसतानाही मशीनला ती आहेच असं वाटतं. कळकळीनं सांगतो, सिस्टीम पुसण्याआधी हे एकदा डिसेबल करून पाहाच.