होमब्रू बसवणे आणि काढणे

होमब्रू म्हणजे टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, सॉफ्टवेअर बसवून देणारा प्रोग्रॅम. मॅकवर तो बसवण्यासाठी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील एका ओळीची आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवावी. ॲपलची कमांड लाइन टूल्स संगणकावर नसतील, तर तीही त्याच ओघात उतरवली जातात. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून कीबोर्ड बिघडला असे समजू नये. शेवटी 'नेक्स्ट स्टेप्स' या मथळ्याखाली आलेल्या ओळी घाईत वगळल्या जातात आणि मग 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर येते. त्या ओळी चालवल्यावरच टर्मिनलला होमब्रूचा पत्ता कळतो.

लिनक्सवर आज्ञा तीच असते, मात्र कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारे साधन), कर्ल (फायली उतरवणारे) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे) आधी बसवून घ्यावेत. विंडोजवर होमब्रू डब्ल्यूएसएलमार्फत, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीतून चालते.

काढताना फोल्डर हाताने पुसणे मला धोक्याचे वाटते, विशेषतः जुन्या इंटेल मॅकवर, कारण तिथे होमब्रू ज्या फोल्डरमध्ये बसते त्यात इतर प्रोग्रॅमच्याही फायली असू शकतात. आधी 'ब्रू बंडल डंप' चालवून पॅकेजांची यादी जपावी, मग अधिकृत अनइन्स्टॉल स्क्रिप्ट चालवावी आणि तिने दाखवलेले उरलेसुरले फोल्डर तपासूनच काढावेत. बसवताना 'नेक्स्ट स्टेप्स'मुळे प्रोफाइल फाइलमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) गेलेली होमब्रूची ओळही खोडावी, नाहीतर प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' अशी तक्रार दिसत राहते.